गाडी मंगळावर, ड्रायव्हर घरी

पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ही जात सापडते. काय करता विचारलं, की हा गृहस्थ ‘ड्रायव्हर आहे’ म्हणतो आणि समोरचा ‘टॅक्सी की ट्रक?’ विचारेपर्यंत गप्प राहतो. मग हळूच, ‘मंगळावर.’ एवढ्यासाठीच तो पार्ट्यांना जात असावा, असा माझा दाट संशय आहे.

गाडीला स्टिअरिंग नाही, हॉर्न तर नाहीच. ‘थांब’ म्हटलेलं तिथं पोचायलाच चार ते बावीस मिनिटं. तेवढ्यात गाडी खड्ड्यात. म्हणून हा त्रिमितीचा चष्मा चढवून आधीचे फोटो न्याहाळतो, एकेका धोंड्याशी ओळख करून घेतो, हुकमांची यादी तपासून तपासून पाठवतो आणि झोपायला जातो. गाडी चालते तेव्हा ड्रायव्हर घोरत असतो. ही सवलत आमच्या एसटीत मिळायची नाही. वेग म्हणाल, तर फार झालं सेकंदाला पाच सेंटिमीटर.

2004 साली ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दोन गाड्या मंगळावर उतरल्या, तेव्हा सुरुवातीला तो राहायचाही मंगळाच्याच वेळेनं. तिथला दिवस चाळीसेक मिनिटांनी मोठा. आज ऑफिस आठला, उद्या आठ-चाळीसला, पंधरवड्यानं संध्याकाळी. शेजारच्या मॉन्ट्रोजमधल्या घड्याळजीकडून मुद्दाम मागे पडणारं घड्याळ करून घेतलेलं. लोक असलं घड्याळ दुरुस्तीला टाकतात. खिडक्यांना काळे पडदे, जेवण पहाटे तीनला, आणि भरदुपारी बायकोला दटावणी, ‘हळू बोल, मध्यरात्र आहे!’

बोलताना गाडी नसतेच, ‘आम्ही’ असतो. 2006 मध्ये स्पिरिटचं उजवं पुढचं चाक बंद पडलं. ‘आम्ही’ ते फरफटत उलटे चालू लागलो. पुढच्या वर्षी त्याच लंगड्या चाकानं माती उकरली आणि खालून पांढरीशुभ्र, जवळजवळ निव्वळ सिलिका निघाली. तिथं कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असल्याची ती खूण. शास्त्रज्ञ नाचले. हा तेव्हापासून असं सांगतो, की जणू चाक त्यानंच विचारपूर्वक मोडलं होतं.

2009 मध्ये स्पिरिट वाळूत रुतली. मग याचं मोठं काम म्हणजे पॅसाडेनात तशीच माती कालवून तशीच दुसरी गाडी तीत मुद्दाम रुतवणं आणि बाहेर काढून बघणं. इथली निघाली, तिथली निघेना. अखेर जानेवारी 2010 मध्ये नासानं जाहीर केलं, की स्पिरिट आता एका जागी राहून संशोधन करील. त्याच्यासमोर ‘रुतली’ म्हणू नका. बदली झाली म्हणा. मार्चनंतर तिचा आवाजच आला नाही. तिथं मात्र तो ‘आम्ही’ म्हणत नाही, चष्मा पुसतो.

लगेच ऑपॉर्च्युनिटीवर येतो. नव्वद दिवसांच्या बोलीवर गेलेली ती गाडी 2018 च्या धुळीच्या वादळापर्यंत टिकली. पंचेचाळीस किलोमीटर, चौदा वर्षांत.

‘आणि एकदाही पोलिसानं अडवलं नाही,’ हे तो दर वेळी सांगतोच.