ओरिजिनल शेडवाले

मावळात आंबीजवळ तळेगाव एमआयडीसीत जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली सुरू झाला आणि 2020 च्या डिसेंबरात थांबला. त्यामुळे या भागात मोटार ही अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. तरीही एखाद्या पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरलेली जुनी प्रीमियर पद्मिनी दिसली, की तिच्या आसपास ‘ओरिजिनल शेडवाले’ या जातीचे गृहस्थ असणारच. यांच्याकडे शेड दोन: एक पत्र्याची, ती गाडीच्या डोक्यावर, दुसरी रंगाची, ती यांच्या डोक्यात. इंजिनाचं बोअरिंग, क्लच प्लेट, सीटचं रेक्झिन या बाबतीत ते चार पावलं मागे येतात. रंगाचा विषय निघाला की मात्र स्थळ पाहायला आल्यासारखी चौकशी सुरू होते. खिशात रुमालात गुंडाळलेला पत्र्याचा तुकडा असतो. ज्योतिषाने पत्रिका उलगडावी तसा तो पेंटच्या दुकानात काउंटरवर उलगडला जातो. पैठणी घेताना चिंतामणी आणि मोरपंखी यांना ‘दोन्ही निळेच की’ म्हणून मोकळा होणारा हा माणूस इथे पांढऱ्याचे सात प्रकार पाडतो आणि ‘साय काढलेलं दूध, पण म्हशीचं’ अशी मागणी नोंदवतो.

यांच्या डोळ्यांत दोष नाही, प्रश्नात आहे. ते ज्याला ओरिजिनल रंग म्हणतात तो मुळात रंग नसून तारीख आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1974 पासून पद्मिनी हे नाव घेऊन गाड्या निघू लागल्या. त्यांतल्या एखाद्या गाडीचा पहिल्या दिवसाचा रंग आज कुठे सापडेल? टपावर नाही, कारण ऊन रंगद्रव्यही खातं आणि त्याला धरून ठेवणारा थरही. बोट फिरवलं तर खडूची पूड हाताला लागते. म्हणून शेडवाले दाराचं पॅड काढतात, डॅशबोर्डखाली बॅटरी घेऊन आडवे होतात, डिकीचं रबर उचकटतात. जिथे ऊन पोचलं नाही तिथला रंग कोरा, हा त्यांचा सिद्धांत. पण रंग तेलाच्या पायावरच्या एनॅमलचा असेल, तर पांढरा आणि क्रीम अंधारात हळूहळू पिवळा पडतो. म्हणजे उन्हातला साक्षीदार फितूर आणि अंधारातलाही फितूर. आणि शेडवाले या दोघांच्या जबानीची सरासरी काढून तिला पुरावा म्हणतात.

यावर त्यांचं उत्तर तयार असतं: कोड आहे, मशीन आहे. परदेशी बनावटीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर रंगाचा कोड असलेली पट्टी असते हे खरं. पण कोड म्हणजे पाककृती, पदार्थ नव्हे. एकाच पाककृतीची पुरणपोळी दोन घरांत सारखी होत नाही, तसा रंगही एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात किंचित सरकतो. शिवाय सामानही बदललं: जुन्या पिवळ्यांत लेड क्रोमेट सर्रास असे, ते आता विषारी म्हणून मागे पडलं. राहिलं मशीन. स्पेक्ट्रोफोटोमीटर समोर धरलेल्या तुकड्याचा रंग चोख सांगतो, पण आजचा. त्या तुकड्याचं बालपण त्याला ठाऊक नसतं. वर प्रकाशाची कुरापत वेगळीच. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी जुळवलेल्या दोन छटा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटतात आणि बाहेर उन्हात आणल्या की सवती निघतात. मावळातल्या श्रावणातल्या ढगाळ उजेडात पसंत केलेली शेड मे महिन्यात परकी वाटते, यात पेंटरचा काय गुन्हा?

कुणी म्हणेल, इतकं काटेकोर असणं ही निष्ठाच की. निष्ठा असती तर रंगाइतकाच रंगाचा जिन्नसही जपला असता. फर्निचरवाल्यांच्या तोंडी आज असलेलं ‘ड्युको’ हे मुळात ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. जनरल मोटर्सने ते 1924 च्या ओकलंड गाड्यांना लावलं आणि रंग सुकण्याचं आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण असं लॅकर दमट हवेत मारलं की पांढुरकं पडतं; मावळातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. म्हणून शेडवाले गपचूप हार्डनर घातलेला आजचा टू-के पेंट मारतात, वर क्लिअर कोट चढवतात आणि आरशासारखी चमक आली की डोळे पुसतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाही इतकी ओरिजिनल नव्हती! सरकार यापेक्षा शहाणं. पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांचा 2021 चा नियम चॅसिस, बॉडी आणि इंजिन मुळातलं आहे का ते पाहतो आणि आरसी बुकात रंगाच्या रकान्याला ‘पांढरा’ एवढा एक शब्द पुरतो.

मग कुठलाही जवळपासचा रंग फासून मोकळं व्हावं का? तेही नाही. माणसाच्या डोळ्याला रंग आठवणीत ठेवता येत नाही, पण शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतला फरक तो निर्दयपणे पकडतो. म्हणून एकच दार रंगवायचं असेल तर शेड तंतोतंत हवी, आणि ती शेजारच्या मडगार्डाच्या आजच्या रंगाशी जुळणारी, कुर्ल्याच्या नव्हे. सगळी गाडीच रंगवायची असेल तर तिला ताडून पाहायला शेजारीच नसतो; तिथे सात पांढऱ्यांचा वाद फक्त वाद घालणाऱ्याला दिसतो. या गृहस्थांचं खरं पुण्यकर्म दुसरंच आहे. पॉलिश पेपर हातात घेतला तरी डिकीच्या आत तळहाताएवढी जागा ते घासत नाहीत. ओरखडे, पिवळेपणा, गंजाचा ठिपका, सगळं तसंच ठेवतात. उभ्या गाडीत खोटं न बोलणारी तेवढीच जागा उरते. तिच्या कडेला त्यांनी शेडचं नाव लिहू नये. त्या दिवशीची तारीख घालावी.