उत्कृष्ट पत्रकारितेच्या दात्यास

कसाल, जि. सिंधुदुर्ग

परमादरणीय पुरस्कार-संयोजक साहेब,
स. न. वि. वि.

यंदाच्या पत्रकार दिनी आपण उत्कृष्ट पत्रकारितेचे इतके पुरस्कार वाटलेत, की कसाल तिठ्यावर आता साधा पत्रकार शोधून सापडत नाही. या भरभराटीबद्दल प्रथम आभार.

६ जानेवारीची आठवण ठेवलीत, हेही थोर. १८३२ साली याच तारखेला आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. १८४० मध्ये ते बंद पडले. आपण त्या काळी असता तर शास्त्रीबुवांना ठेकेदाराच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात सहज मिळवून दिली असती.

प्रस्तावासोबत कात्रणांच्या तीन प्रती आणि स्मरणिकेसाठी एक जाहिरात, ही अट मला फार भावली. माझी कात्रणे टाचणीसुद्धा न हलता परत आली. जाहिरात मात्र आपण बारकाईने वाचलीत, रकमेतली चूकही काढलीत. असे काटेकोर परीक्षण हल्ली कुठे राहिले आहे?

शोधपत्रकारितेचा पुरस्कार रस्त्याच्या उद्घाटनाच्या बातमीला दिलात. योग्यच. त्या रस्त्यावर डांबर शोधायला खरोखरच कष्ट पडतात.

प्रमुख पाहुणे उशिरा आले, पण आले! मग त्यांच्या प्रत्येक वाक्याला पहिल्या रांगेतले विजेते गाऱ्हाण्याला म्हणतात तसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत माना डोलावत राहिले. विजेत्यांना बोलायला वेळ उरला नाही, म्हणून कार्यक्रमाची उंची टिकली.

इथूनच मालवणचा रस्ता फुटतो. तिथे राजकोटला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. सोहळ्याच्या वृत्तांकनाला आपल्याकडे वेगळा पुरस्कार आहे. काम कसे झाले हे सोहळ्याआधी विचारणाऱ्याला नाही. यादी आटोपशीर ठेवल्याबद्दल धन्यवाद.

एक शंका, रागावू नये. राजापूरच्या शशिकांत वारीशे यांची रिफायनरीच्या वादातली बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी छापून आली. त्याच दिवशी त्यांना गाडीने चिरडले; दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांचा प्रस्ताव आपल्या निकषांत बसला असता का? अर्जात ‘मान्यवरांसोबतचे छायाचित्र’ असा रकाना आहे, म्हणून विचारले.

बाकी सर्व उत्तम. पुढच्या वर्षी शाल तेवढी जरा लांब काढा. खांद्यावरून ओढून घेतली तर तोंडापर्यंत पुरत नाही, असे विजेते सांगत होते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
टाचणीसकट परत आलेला एक वार्ताहर