खास वार्ताहराकडून

पुण्यालगतच्या मांजरीत कार्यक्रम कुठलाही असो, हारतुऱ्यांच्या टेबलापाशी एक गृहस्थ वहीत नावं उतरवून घेताना दिसतात. गाव त्यांना 'पत्रकार' म्हणतं. पेपरात मात्र त्यांच्या बातमीला नुसतं 'वार्ताहर'. मानधन विचारू नये. संसार चालतो तो वाढदिवसाच्या जाहिरातींच्या कमिशनवर.

त्यांच्या बातमीत कार्यक्रम दोन ओळींत आटपतो आणि नावं पुढे पाऊण कॉलम चालतात. कारण 'आदी मान्यवर उपस्थित होते' यातल्या 'आदी'त ढकललेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर गाठतोच. त्यामुळे आद्याक्षरं, हुद्दे, कोण आधी, कोण नंतर, यात त्यांची चूक म्हणून सापडायची नाही.

विशेषणांना मात्र कुणाची आडकाठी नाही. मिरवणूक 'भव्य', प्रतिसाद 'उत्स्फूर्त', गर्दी 'अलोट'. मांजरी उपबाजारात कोथिंबीर जरा चढली की ती 'कडाडते', उतरली की 'गडगडते'. पण एकदा डेस्कवरच्या कुणी शेकडा जुडीचा भाव किलोवर नेऊन ठेवला, तेव्हा पत्रकार फोनवर असे तापले की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी म्हटलं, "एवढं काय त्यात? तुम्ही तर रोज कडाडवता." ते म्हणाले, "विशेषण चुकलं म्हणून कुणी माझ्या दारात येत नाही. भाव चुकला की शेतकरी येतो."

'सदृश' हा त्यांचा लाडका शब्द. उसात काही हललं की 'बिबट्यासदृश प्राणी', रेल्वे फाटकाजवळ बेवारस पिशवी दिसली की 'बॉम्बसदृश वस्तू'. पुढे कुत्रं निघो नाहीतर जेवणाचा डबा, बातमी खोटी ठरत नाही. दरोड्यात कुणाला पकडलं, तरी त्यांच्या लेखी तो 'संशयित'च. "दरोडेखोर कोर्टानं ठरवायचा. त्याचा चुलता माझ्या आळीत राहतो."

खरं युद्ध पेटतं ते 'बुद्रुक'वरून. पुण्याच्या डेस्कला जागा वाचवायची असते, तिथं पहिली कुऱ्हाड या शब्दावर. नुसतं 'मांजरी' छापलं की मांजरी खुर्दचा अपघात मांजरी बुद्रुकच्या माथी येतो आणि इकडच्या घरांत नातेवाइकांचे फोन खणखणतात. "साहेब, दोन्हीच्या मधे आख्खी मुळा-मुठा आहे! बुद्रुक ठेवा, वाटल्यास 'वार्ताहर' काढा," असं ते कळवळून सांगतात. नदीचंही तेच. मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली आलेल्या पाण्याला कुणी नुसतं 'मुठा' लिहिलं की यांच्या कपाळावर आठी. खडकवासल्याचा विसर्ग 'क्युसेक प्रतिसेकंद' छापून आला, तेव्हा तर कात्रण खिशात घालून ते गावभर फिरले. क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट, मग वर आणखी सेकंद कशाला, हे त्यांनी न्हाव्यालासुद्धा पटवलं.

21 जानेवारी 2021 ला सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरीतल्या आवारात आग लागली. देशात कोविडचं लसीकरण सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. धुराचे लोट टीव्हीवर दिसले आणि तिथं बनणारी कोविशिल्ड लस जळाली की काय, म्हणून सगळीकडून विचारणा सुरू झाली. पत्रकारांच्या पोतडीत 'आगीचे तांडव' तयार होतं आणि 'सुदैवाने जीवितहानी झाली नाही' हेही. पहिल्या काही तासांत तसं सांगितलंही जात होतं. डेस्क घाई करत होतं. हे अडून बसले. "आत किती माणसं होती, बाहेर किती आली, हे कुणी मोजलंय का? तोवर सुदैव कुठून लिहू?" नंतर पाच कामगारांचे मृतदेह सापडले. लस सुरक्षित होती. त्यांनी बातमी पाठवली ती इमारत कुठली, काम कसलं चालू होतं, माणसं किती गेली, एवढीच. त्यात विशेषण औषधालाही नव्हतं.

त्याच वर्षी 30 जूनला मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत संपली आणि सगळे हुद्देदार एका रात्रीत 'माजी' झाले. मार्च 2022 मध्ये महापालिकेचीही मुदत संपली, निवडणूक लांबली आणि नगरसेवकही 'माजी'. मग यादी लिहायची कशी? पण पत्रकार डगमगले नाहीत. 'माजी'ला मान तोच ठेवला आणि वर्तमानकाळातली उणीव 'भावी' घालून भरून काढली. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सएवढ्या बातमीत मी स्वतः सहा भावी नगरसेवक मोजले.

"एवढ्या जागा तरी आहेत का?" मी विचारलं. "तुम्ही तर क्युसेकपर्यंत जाता. हे चुकलं तर?"

"'भावी' कसं चुकेल, साहेब?" वही मिटत ते म्हणाले. "तारीख कुठं दिलीय?"