लॉगिनदादा

बारामतीहून इंदापूरला जाताना सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी, कुठंही उतरा. चौकात एक झेरॉक्सचं दुकान असतंच आणि आत लॉगिनदादा. शिक्षण जेमतेम बारावी, पण मान डॉक्टरच्या वरचा. डॉक्टरकडे आजारी माणूस जातो; महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरायचा असला, पीएम किसानचे 2000 अडकले, लाडक्या बहिणीची ई-केवायसी राहिली, की याच्याकडे धडधाकट गाव लोटतं.

निदान तो स्क्रीन न बघता करतो.

"तात्या, आधाराला नंबर कुणाचा?"

"थोरल्याचा."

"थोरला कुठंय?"

"चाकणला, कंपनीत."

"मग ओटीपी बी चाकणला गेलाय. लावा फोन."

थोरल्याची पहिली पाळी, फोन लॉकरमध्ये. दहा मिनिटांत ओटीपीचं आयुष्य संपतं. तात्या हळहळतात, "आरं, माझा ओटीपी त्याला कशाला दिला?"

दुसरं दुखणं अंगठ्याचं. पानमळ्यात पानं खुडून खुडून रेषा झिजलेल्या. दादा ओल्या फडक्यानं अंगठा पुसायला लावतो, मग डाव्या हाताचा, मग एकेक बोट. सगळी पंचक्रोशी ज्याला नुसत्या खोकल्यावरून ओळखते, त्याची यंत्राला काही केल्या ओळख पटत नाही.

तिसरं दुखणं कागदोपत्री. जन्मतारखेची अडचण नसते. गुरुजींच्या कृपेनं निम्मं गाव 1 जूनला जन्मलंय. घोडं अडतं नावापाशी. सातबाऱ्यावर ज्ञानदेव, आधारावर ज्ञानेश्वर, पासबुकावर डी. बी. हे तिघं एकच आहेत, हे पोर्टलला पटवायला दादा तलाठी, बँक आणि आधार केंद्र अशी तीर्थयात्रा लावून देतो.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर "सर्व्हर डाऊन हाय" म्हणतो. याचा अर्थ चहा सांगायचा, आणि पैसे तात्यांनी द्यायचे.

साऱ्या गावाचे पासवर्ड त्याच्या वहीत. लिहायला फार जागा लागत नाही. विठ्ठलाचं नाव आणि पुढं 123, एवढ्यावर निम्मं गाव उघडतं.

दादा सज्जन आहे म्हणून निभावतंय. तरी आधाराला नंबर स्वतःचा जोडा, पासवर्ड स्वतःचा ठेवा आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका, साहेब असला तरी. दादाचे पैसे मात्र देऊन टाका. पोर्टलवर तुमचं नाव चुकलं असेल. त्याच्या उधारीच्या वहीत ते बिनचूक आहे.