सी भरत आलाय

भरत आलेला सी ड्राइव्ह बोलत काहीच नाही. ‘धिस पीसी’ उघडलं की त्याच्या नावाखाली एक पट्टी दिसते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ती निळ्याची लाल होते, एवढंच. मग माणूस एखाद्या रविवारी सकाळी जागा मोकळी करायला बसतो आणि दुपारपर्यंत काहीही न पुसता नुसता बघत राहतो. एकच वीजबिल कंसातल्या एक, दोन, तीन आकड्यांसह तीनदा उतरवलेलं. कुणाच्या तरी मुंजीची आमंत्रणपत्रिका. तो बटू आता नोकरीला लागला. आणि मावशीनं गोडा मसाल्याचं प्रमाण सांगितलेलं एक रेकॉर्डिंग. त्यात मागं कुकरच्या शिट्ट्या, मध्येच ‘थांब गं, दूध उतू जातंय’, आणि दगडफूल किती घ्यायचं ते शेवटपर्यंत राहूनच गेलेलं.

या ड्राइव्हला ‘सी’ म्हणतात, कारण ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉप्या केव्हाच गेल्या, तरी बहुतेक संगणकांत ती दोन अक्षरं अजून मोकळीच आहेत. जागेची एवढी ओरड, आणि पहिल्या दोन खुर्च्यांवर मात्र कुणी बसत नाही. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी आला तेव्हा त्याची अख्खी हार्ड डिस्क १० एमबीची होती. आज फोननं काढलेले तीन-चार फोटो तिच्यात मावले असते. विंडोज ११ तर दारातच किमान ६४ जीबी मागतं. पसारा वाढला तो असा, आणि आपण तो आवरायला निघतो मावशीपासून.

खरं तर सी ड्राइव्ह आपल्या आठवणींनी क्वचितच भरतो. तो भरतो यंत्राच्या काळजीनं. ‘हायबरफिल’ नावाची एक लपलेली फाइल असते. संगणक हायबरनेट झाला, तर डोक्यात चाललेलं सगळं लिहून ठेवायला तिनं रॅमच्या साधारण ४० टक्क्यांइतकी जागा अडवलेली असते. रॅम १६ जीबी असेल तर सहा जीबींहून जास्त, आणि तेही आपण कधीच हायबरनेट केलं नाही तरी. ‘विनएसएक्सएस’ फोल्डर दिसतो त्याहून लहान असतो, कारण त्यातल्या पुष्कळशा फाइली दोन ठिकाणी दिसतात पण असतात एकाच जागी. त्याला हातानं पुसायला जाऊ नये. आणि मोठं अपडेट झालं की जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये जाऊन थांबतं. नव्यात तुमचं मन रमलं नाही तर परत फिरता यावं म्हणून. मुदत दहा दिवसांची. दहाव्याचा हा हिशेब त्या परदेशी इंजिनिअरांना कुणी सांगितला कोण जाणे. पण कावळा शिवो न शिवो, त्यानंतर ते आपोआप निघून जातं.

पुसणं हे प्रकरणही वाटतं तेवढं कठोर नाही. रिसायकल बिनमध्ये टाकलेल्या फाइलीनं एक बाइटसुद्धा जागा मोकळी होत नाही. बिन रिकामा करावा लागतो. तो केला तरी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फक्त यादीतली नोंद जाते. मजकूर तिथंच पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. विसरायचं ठरवून काही विसरता येत नाही, नवं काही घडावं लागतं, हे त्या तबकडीला आपल्याआधी कळलेलं होतं.

तेव्हा तुमची पट्टी लाल झाली असेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथं स्टोरेज आणि त्यात टेम्पररी फाइल्स उघडा. त्या यादीत ‘डाउनलोड्स’पुढं टिक नाही ना, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. उरलेलं बिनधास्त काढा. काही जीबी सहज सुटतील. मावशीला राहू द्या. तिचं रेकॉर्डिंग तीन एमबीचं आहे, आणि तीन एमबीनं आजवर कुणाचाही सी ड्राइव्ह मोकळा झालेला नाही.