आला तसा पुढे पाठवणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आभार मानायचे राहून गेले होते. आमच्या शाळेत आठवीच्या मुलांना बातमी तपासायला शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. या विषयाला ना स्वतंत्र पुस्तक, ना परीक्षा, ना पैसा. तरी माझा एकही तास कोरडा गेलेला नाही, आणि त्याचं श्रेय सर्वस्वी आपलं. सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला, सूर्यनारायणाच्या आधी, आपण जे टाकता त्यावर माझा वर्ग चालतो. इतकं शैक्षणिक साहित्य विनामूल्य, घरपोच आणि रविवारचीही सुट्टी न घेता पुरवणारा दाता विरळा.

आपला तो दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत घ्या. दर नरकचतुर्दशीला तो न चुकता येतो. मुलांनी नासाचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. ते एका रात्रीचं छायाचित्रच नाही. अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने केलेली ती आकृती. पांढरे दिवे जुने, निळे 1992 साली दिसू लागलेले, हिरवे 1998 चे, लाल 2003 चे. वस्ती कशी वाढत गेली ते दाखवायला हे रंग भरलेले. नागरीकरणाचा धडा मुलांना एरवी जांभया आणतो. आपण पणत्या लावल्यात म्हणून त्यांनी तो डोळे फाडून वाचला.

जन-गण-मनला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याची बातमी आपण इतक्यांदा दिलीत, की आता युनेस्कोलाच असा पुरस्कार सुरू करावा लागेल. दोन हजारांच्या नोटेतली ती चिप, जमिनीखाली 120 मीटरवरून उपग्रहाला खबर देणारी, तिचाही शोध चालू आहे. नोट 2023 मध्ये चलनातून मागे घेतली, चिप अजून हाती लागलेली नाही.

साहित्याच्या क्षेत्रातलं आपलं कार्य तर अलौकिक. पुलं 12 जून 2000 रोजी गेले असं आम्ही समजून चाललो होतो. व्हॉट्सॲप आलं 2009 मध्ये. तरी आपल्याकडे त्यांचे मोबाईलच्या व्यसनावरचे लेख येत राहतात, आणि प्रत्येक लेखाबरोबर त्यांची भाषा थोडी थोडी बिघडत जाते. बटाट्याची चाळ वाचलेल्या एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, हे पुलं असतील तर विनोद कुठाय?’ साहित्यसमीक्षेचा इतका नेमका प्रश्न मला पदवीच्या वर्गातही ऐकायला मिळाला नव्हता.

व्हॉट्सॲप कंपनीने मात्र आपल्यावर अन्याय केला, हे कबूल. आधी 2018 मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायचं बंधन घातलं. मग वारंवार फिरलेल्या मेसेजला दुहेरी बाणाची खूण. मग 2020 मध्ये अशा मेसेजला एका वेळी एकच चॅट. दुसरा कोणी खचला असता. आपण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवायला शिकलात, म्हणजे बाणही गेले आणि बंधनही. या वयात नवं तंत्र आत्मसात करण्याची ही जिद्द मी वर्गात आवर्जून सांगते. हल्ली मुलं बाण दिसला नाही की जास्त सावध होतात.

केरळात कण्णूर जिल्हा प्रशासनाने 2018 च्या सुमारास सरकारी शाळांतून ‘सत्यमेव जयते’ नावाने बातमी तपासण्याचं हेच शिक्षण सुरू केलं. तिथे गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल इतक्या अफवा उठल्या होत्या की पालक मुलांना लस द्यायला कचरत होते. म्हणजे तिथेही एक अण्णा असणारच.

आता गेल्या महिन्यातला तो व्हिडिओ. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात, पसार. खाली आपली ओळ : ‘टोळी आपल्या भागात शिरली आहे, मुलांना सांभाळा.’ ही क्लिप कराचीतली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. मूळ चित्रफितीत ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि हातातला फलक दाखवतात : मूल पळवायला एक क्षण पुरतो. तो शेवट कोणी तरी कापला आणि 2018 मध्ये उरलेला तुकडा भारतभर फिरला.

त्याच साली 1 जुलैला, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला ‘पोरं पळवणारे आले’ अशी आवई उठली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्या जमावातल्या मोबाईलवर जे आलं होतं, तेही कोणी तरी काळजीपोटीच पाठवलं असेल. आपण तरी दुसरं काय केलंत?

आपल्या काळजीचं फळ व्हिडिओ टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं. केरसुण्या विकायला वर्षानुवर्षं येणारी ती बाई, तिला वॉचमनने गेटवर अडवलं, टोपली उपसायला लावली, फोटो काढला आणि हाकललं. फोटोही ग्रुपवर आला. आपण त्याला अंगठा दिलात. ती पुन्हा आलेली नाही. मुलं अगदी सुरक्षित आहेत.

बी विंगमधली माझी एक विद्यार्थिनी. तिने ती क्लिप वर्गात शेवटासकट पाहिलेली. आईच्या फोनवरून तिने लिहिलं, ‘आजोबा, हा व्हिडिओ कराचीतला आहे आणि अर्धा आहे,’ आणि खाली पूर्ण चित्रफितीचा दुवा दिला. आपलं उत्तर मला पाठ आहे : ‘खरं-खोटं देव जाणे, आला तसा पुढे पाठवला. सावध राहिलेलं काय वाईट? हल्ली लहान तोंडी मोठा घास फार झालाय.’ त्यावर अकरा जणांचे नमस्कार. दहा मिनिटांत तिचा मेसेज पुसला गेला आणि आईने लिहिलं, ‘सॉरी अण्णा, मुलीने फोन घेतला होता.’

दुसऱ्या दिवशी ती वर्गात म्हणाली, ‘मॅडम, तपासायचं कसं ते कळलं. पण खोटं निघालं तर सांगायचं कोणाला?’ मी वर्षभर शोधपट्टी, तारीख, मूळ स्रोत शिकवत होते. हा धडा आपण एका संध्याकाळी शिकवलात.

म्हणून एक नम्र विनंती. व्हिडिओ मागे घ्या असं म्हणण्याइतकी मी उद्धट नाही. आपली दृष्टी, आपली बोटं, टाइप करण्याचा त्रास, सगळ्याची मला कल्पना आहे. तेव्हा मजकूर मीच लिहून देते. ग्रुपवर टाकायचा, तिच्या आईच्या नंबरला उद्देशून :

‘बाळ, तू बरोबर होतीस. अर्धा व्हिडिओ मी टाकला. चूक झाली. केरसुणीवाल्या बाईंना गेटवर कोणी अडवू नये.’

खरं-खोटं तपासत बसू नका, अण्णा. आला तसा पुढे पाठवा.

आपली नम्र,
ए विंगमधली शिक्षिका