नंबरी जोडी

जगात काही माणसं एका स्क्रूच्या शोधात म्हातारी होतात. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. देवाच्या शोधात निघालेल्याला निदान मठ मिळतो, शिष्य मिळतात, दुपारी कोणीतरी पान वाढतं; स्क्रूच्या शोधात निघालेल्याला घरचे लोक जेवायला दुसऱ्यांदा हाकसुद्धा मारत नाहीत. इंग्लंडात अशांची एक जमात आहे. दुसऱ्या महायुद्धातली नेमबाजाची रायफल, ली-एनफिल्ड नंबर 4 मार्क 1 (टी), सैन्यात होती तशी पुन्हा उभी करायची, प्रत्येक भाग त्याच काळातला आणि त्याच जातीचा मिळवायचा, हे तिचं व्रत. यात उद्यापन जवळजवळ कोणाच्याच नशिबी नसतं आणि त्याची कोणाला घाईही नसते.

ली-एनफिल्ड घराण्याशी आपली ओळख ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने. लहानपणी पंधरा ऑगस्टच्या संचलनानंतर मैदानाच्या कडेला एक हवालदार सावलीत बसून रायफलचं लाकूड फडक्याने पुसत होते. लाकडाला गाभुळलेल्या चिंचेच्या सालीसारखा रंग चढला होता. मी विचारलं, “काका, ही उडते का?” ते म्हणाले, “उडवायची वेळ येऊ नये म्हणून तर पुसतोय, बाळा.” शस्त्राविषयी इतकं मऊ बोलणं मी त्यानंतर फारसं ऐकलेलं नाही.

नंबर 4 (टी) ही दुर्बीणवाली बहीण मात्र घराण्यातली निवडक. कारखान्यात रायफली झाडून पाहताना ज्यांच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ जवळ बसत, त्या बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवत. ही 1835 साली सुरू झालेली पेढी, आपल्या संस्थानिकांना शिकारीच्या नक्षीदार बंदुका करून देणारी. युद्धाने तिच्या कारागिरांच्या हातून नक्षी काढून घेतली आणि मोजमाप ठेवलं. त्यांनी 20,000 हून अधिक रायफलींच्या डाव्या अंगाला दुर्बिणीच्या बैठका बसवल्या, दस्त्यावर गाल टेकायला लाकडी उशी जडवली आणि खाली ‘एस 51’ एवढीच आपली खूण ठोकली. ‘नंबर 32’ ही दुर्बीण खरं तर ब्रेन मशीनगनसाठी योजलेली होती. ते स्थळ बारगळलं आणि ती या घरात आली. मग रायफलचा क्रमांक दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलच्या दस्त्यावर, मनगटाच्या जागी, कोरला गेला. आपण छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी मांडव घालतो; इथे एक आकडा चुकला की सोयरीक मोडली.

युद्ध संपलं आणि सरकारला घर आवरायची घाई झाली. बऱ्याच रायफली एकीकडे विकल्या गेल्या, दुर्बिणी दुसरीकडे. कोणी शिकाऱ्याने वजन कमी व्हावं म्हणून पुढचं लाकूड सरळ करवतीने कापून टाकलं. जे तेव्हा अडगळ म्हणून फेकलं, तेच शोधत आज आमचा व्रतस्थ गावोगावच्या जुन्या शस्त्रांच्या बाजारांतून फिरतो. लाकूड अक्रोडाचं हवं की बीचचं की बर्चचं, हे रायफल कोणत्या कारखान्यात आणि कधी घडली यावर ठरतं. गोळी नीट जाते का, हा प्रश्न त्याला गौण वाटतो. शुद्धलेखनाच्या तपासनिसाला पत्रातला मजकूर गौण वाटावा, तसा. बाजारात नव्याने केलेली ब्रॅकेट मिळतात आणि ती उत्तम बसतात. पण उत्तम बसणं हाच त्यांचा दोष. अशा नव्या भागावर काहीजण मुद्दाम ओरखडे काढतात, आणि जाणकार भिंगातून पाहून सांगतो की हे ओरखडे फार एकसारखे आहेत, खरं हाल सोसलेलं लोखंड असं दिसत नाही. दुःखाचीही नक्कल पकडणारे डोळे असतात, हे मला या मंडळींकडून कळलं.

गंमत अशी की ज्या सैन्याच्या नावाने हे सोवळं पाळायचं, त्या सैन्याने ते कधीच पाळलं नव्हतं. आघाडीवर दुर्बीण फुटली की शस्त्रं दुरुस्त करणारा आर्मरर दस्त्यावरचा जुना क्रमांक खोडून शेजारी नवा ठोकायचा आणि चहा प्यायला जायचा. सुरुवातीच्या दुर्बिणींचा नेम गोळीशी जुळवणं म्हणजे एका हाताने चकती धरा, दुसऱ्याने स्क्रू सैल करा आणि तिसऱ्या हाताने हवं ते करा, असा प्रकार होता. तो तिसरा हात मनुष्यमात्राला दिलेला नाही हे दुर्बिणीचं मार्क 3 रूप येईपर्यंत पुरतं मान्य झालं नसावं. अशा धांदलीत जन्मलेल्या आणि धांदलीत दुरुस्त झालेल्या वस्तूला आज कोणी पाऊणशे वर्षांनी संपूर्ण, निर्दोष, एकाच नशिबाची करू पाहतो. तिच्या वाट्याला कधीही न आलेलं आयुष्य तो तिला मोठ्या प्रेमाने परत मिळवून देत असतो.

पण या सगळ्या क्रमांकांत एक खूण अशी आहे की तिच्यापाशी माझं हसू थबकतं. ली-एनफिल्डचे दस्ते अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या लांबीचे असत, कारण सैनिकांचे हात वेगवेगळ्या लांबीचे असतात. आखूड दस्त्यावर ‘एस’ हे अक्षर ठोकलेलं असे. कारखाना, पेढी, दुर्बीण, ब्रॅकेट या सगळ्यांची नोंद रायफलने ठेवली. ओल्या गवतात पहाटेपासून पालथा पडून काचेतून दुसऱ्या माणसाकडे पाहणाऱ्याचं नाव मात्र तिने कुठेच लिहिलं नाही. एवढंच उरलं, की त्याचा हात थोडा आखूड होता. आणि काचेपलीकडच्याचं तर तेवढंही नाही.

असा आखूड दस्ता एखाद्या धिप्पाड हौशी माणसाच्या पदरी आला, तर नेहमीच्या मापाचा बसवणं सोपं. तो सहज मिळतो आणि नियमातही चुकत नाही. पण हे लोक तो बदलत नाहीत. 1890 पासून नेमबाजांची पंढरी असलेल्या बिस्लीच्या मैदानावर असा एखादा गृहस्थ कोपर आत ओढून, मान तिरकी करून, दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखा अवघडून पडलेला मी कल्पनेत पाहतो. नेम अर्थातच चुकतो. तो उठतो, गुडघे झाडतो, आणि बंदुकीचा शोध लागल्यापासून प्रत्येक नेमबाज जे म्हणत आला आहे तेच म्हणतो: आज वारा जरा जास्तच होता. दस्त्याला मात्र तो चकार शब्द बोलत नाही.